विषय क्रमांक चौदा

मी नांदेडच्या एका प्राथमिक शाळेत शिक्षक आहे. शिकवण्याइतकंच माझं आयुष्य मतदार याद्यांत गेलं. आमच्यातल्या काही शिक्षकांना बीएलओचं काम असतं. एका मतदान केंद्रापुरती घरं फिरायची, नवी नावं घालायची, कोण वारलं, कोण लग्न होऊन गेलं, कोण गाव सोडून गेलं ते लिहून आणायचं. माझ्या वाट्याला टालवस्ती आली. नदीच्या अंगाला पूर्वी कुणाची तरी लाकडाची टाल होती. टाल बंद पडली, जागा तशीच राहिली, आणि कंधार, उमरी, देगलूरकडून कामधंद्याला आलेल्या माणसांनी तिथं पत्र्याची घरं उभी केली. तीनशे बारा घरं. हा आकडा मला झोपेतही सांगता येईल.

केवळाबाई पवळे मला तिथंच पहिल्यांदा भेटल्या. दोन हजार नऊची गोष्ट. मी दारात उभा राहून नावं वाचत होतो आणि त्या चुलीपुढून न उठता म्हणाल्या, "सर, तुमच्या यादीत माझा नवरा जिवंत हाय. तेला जाऊन दोन वर्षं झाली. अन् ही माझी शेजारीण माझ्यासमोर बसून भाकर खाऊन राहिली, तर तिचं नावच न्हाई."

शेजारीण म्हणजे उमादेवी. देगलूरच्या पलीकडची, घरात तेलुगू बोलणारी, मूलबाळ नसलेली विधवा. वयानं केवळाबाईंपेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठी. केवळाबाई तिला उमाक्का म्हणत. दोघींच्या घरांमध्ये एकच पत्रा होता आणि त्या पत्र्यातून त्यांचं दिवसभर बोलणं चालायचं. केवळाबाई कंधारजवळच्या एका खेड्यातून नवऱ्याबरोबर आल्या होत्या. नवरा भुजंग धान्याच्या मोंढ्यात हमाली करायचा. शहरात नळाला पाणी किती वाजता येतं, कोणत्या दवाखान्यात माणसासारखं बोलतात, रेशनच्या दुकानदारापुढं आवाज कधी चढवायचा, हे सगळं त्यांना उमाक्कानं शिकवलं. भुजंग गेला तेव्हा तेरा दिवस उमाक्काच त्यांच्या घरी झोपायला होती. पुढं मुलगा अमरेश हैदराबादला टायरच्या दुकानात कामाला लागला, आणि केवळाबाई मुलींच्या एका वसतिगृहात भाकऱ्या थापायला जाऊ लागल्या.

मी उमादेवीचं नाव यादीत घातलं. भुजंगचं कमी केलं.

केवळाबाई राजकारणात आल्या त्या पुरामुळे. विष्णुपुरी धरणाचे दरवाजे उघडले की टालवस्तीत पाणी शिरायचंच, पण दोन हजार सोळाला ते छपरापर्यंत चढलं. सगळी वस्ती आमच्या शाळेत आणली. पहिल्या दिवशी खिचडीवर माणसं तुटून पडली, म्हातारी माणसं मागंच राहिली. दुसऱ्या दिवशी केवळाबाईंनी पातेल्यापुढं उभं राहून रांग लावली. आधी म्हातारे, मग लेकुरवाळ्या, मग बाकीचे. कुणी मध्ये घुसलं तर त्या आरडाओरडा करत नसत. डाव पातेल्यात ठेवून हात बांधून उभ्या राहत. तो माणूस मागं जाईपर्यंत कुणालाच काही मिळत नसे.

खिचडी पाठवली होती वैजनाथअण्णांनी. आमच्या भागाचं राजकारण वीस वर्षं त्यांच्या हातात होतं. माणूस वाईट नव्हता, हे मी आजही म्हणेन. कुणाला रात्री-अपरात्री दवाखान्यात खाट मिळत नसली तर अण्णांचा फोन जायचा आणि मिळायची. रेशनकार्ड, शाळेचा दाखला, पोलीस ठाणं, सगळीकडं तो फोन चालायचा. गरिबाजवळ दुसरा कोणता कागद असो-नसो, अण्णांचा फोन हाच त्याचा दस्तावेज होता. राहत्या जागेचा कागद मात्र त्यांनी कुणालाच मिळवून दिला नाही. हे मला फार उशिरा कळलं.

अण्णांनी शाळेतली ती रांग पाहिली. पुढच्या वर्षी, दोन हजार सतराला, प्रभागातली त्यांची महापालिकेची जागा महिलेसाठी सुटली. त्यांची सून ज्योत्स्ना तेव्हा बाळंतीण होती. अण्णांनी केवळाबाईंना बोलावलं.

"मी चौथी शिकली, अण्णा," त्या म्हणाल्या.

"बसायला खुर्ची लागते बाई, शिक्षण न्हाई."

केवळाबाई दोनशे बारा मतांनी निवडून आल्या. मिरवणुकीत त्यांना जीपमध्ये उभं केलं होतं. उमाक्का वस्तीच्या तोंडाशी ताट घेऊन उभी होती. ओवाळताना तिनं इतकंच विचारलं, "आता भाकऱ्या कोण थापणार गं?" दोघी हसल्या. ते हसणं मी पाहिलेलं आहे.

केवळाबाईंनी जे केलं ते मोठं नव्हतं, पण खरं होतं. वस्तीत सहा नळ आणले. बायकांच्या संडासाची दारं रस्त्याकडं होती, ती फिरवून घेतली. त्यासाठी एका इंजिनियरला त्या अकरा वेळा भेटल्या. "दार फिरवायला एवढं काय लागतं, ते मला समजून सांगा," असं त्याला दर वेळी विचारायच्या. शेवटी तो माणूस समजावून सांगायला कंटाळला आणि दारं फिरली.

सभेच्या आधी विषयपत्रिका यायची. जाड पुस्तिका, सरकारी मराठी. ती घेऊन त्या शाळा सुटायच्या वेळेला माझ्याकडं यायच्या. मी वाचायचो, त्या ऐकायच्या, मधूनच म्हणायच्या, "हे आपल्या बोलीत सांगा." एकदा सांगितलेलं त्या विसरत नसत.

दोन हजार एकोणीसच्या सप्टेंबरात अशीच एक पुस्तिका घेऊन त्या आल्या. मी चाचणीचे पेपर तपासत होतो. दुसऱ्या दिवशी निकाल द्यायचा होता.

"सर, चौदावा विषय आपला हाय म्हणून राहिले अण्णा."

मी पान काढलं. टालवस्ती येथील झोपडपट्टीधारकांना पक्की घरे देऊन पुनर्वसन करणेबाबत. मी ते मोठ्यानं वाचलं.

"सगळ्यायला?"

"असंच लिहिलंय," मी म्हणालो.

त्या विषयाच्या मागं परिशिष्ट जोडलेलं होतं. अकरा पानांचं. ती पानं मी उलटली नाहीत. माझ्यासमोर त्रेचाळीस पेपर होते आणि मला वाटलं, चांगलीच गोष्ट आहे, त्यात काय वाचायचं. केवळाबाई पुस्तिका पदराखाली धरून गेल्या.

सभेच्या दिवशी त्यांनी जिन्यात अण्णांनाही विचारलं. "अण्णा, सगळी घरं ना?"

अण्णा म्हणाले, "पक्क्या घराला कोण न्हाई म्हणतं, बाई?"

हे काही त्यांच्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. पण केवळाबाईंना ते उत्तर वाटलं. चौदाव्या विषयाला त्यांनी हात वर केला. बाकीच्यांनीही केला. दोन मिनिटांत विषय मंजूर झाला. संध्याकाळी त्यांनी वस्तीत घरोघर जाऊन सांगितलं. उमाक्कानं विचारलं, जिने चढावे लागतील का. केवळाबाई म्हणाल्या, "तुला खालचं घर मागून घेते की."

मग कोरोना आला आणि दोन वर्षं कुणी त्या विषयाचं नाव काढलं नाही. बावीसच्या जानेवारीत आमच्या शाळेच्या भिंतीवर यादी लागली. एकशे नव्वद नावं. वस्तीतली माणसं जमली आणि यादी मीच वाचून दाखवली. वाचून झाल्यावर कुणी हललं नाही. त्यांना वाटलं, अजून एखादं पान असेल.

पान नव्हतं. परिशिष्टात अट होती. दोन हजार अकराच्या आधीपासून राहत असल्याचा पुरावा ज्याच्याकडं असेल त्यालाच घर. एकशे बावीस घरांकडं तो नव्हता. कुणाचे कागद पुरात गेले होते, कुणी भाड्यानं राहत होतं, कुणाचं सगळं मेलेल्या बापाच्या नावावर होतं. उमादेवीचं मतदार ओळखपत्र, रेशनकार्ड, सगळं एका पत्र्याच्या पेटीत होतं आणि ती पेटी पाण्याबरोबर गेली होती.

केवळाबाई अण्णांकडं गेल्या. अण्णांनी त्यांना चहा दिला. म्हणाले, "नियम हाय. आत्ता एकशे नव्वद तरी जाऊ द्या. राहिलेल्यायचं आपण पाहू."

"तुमाला माहीत होतं का अण्णा? अट?"

"बाई, तुमी हात वर केला तेव्हा तुमच्याबी टेबलावर होती ती."



फेब्रुवारीत घरं पाडायला यंत्रं आली. आदल्या संध्याकाळी अण्णांनी निरोप धाडला, सकाळी ऑफिसात येऊन बसा, तिथं थांबलात तर लोक बिथरतील. सकाळी गाडी आली. केवळाबाई गाडीत बसल्या आणि दिवसभर अण्णांच्या ऑफिसात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून राहिल्या. कुणीतरी जेवण आणलं, त्यांनी ते खाल्लं सुद्धा. "भूक लागली होती म्हणून खाल्लं," असं त्यांनी मला नंतर सांगितलं. ते सांगताना त्या माझ्याकडं पाहत नव्हत्या. संध्याकाळी वस्तीवर परत आल्या तेव्हा त्यांचं स्वतःचं घर तेवढं उभं होतं. त्यांचं नाव यादीत होतं, सामान हलवायला त्यांना दोन दिवस दिले होते. मधला पत्रा काढून नेलेला होता. पलीकडं उमाक्का नव्हती. ती दुपारीच लातूरच्या गाडीत बसली होती.

नव्या इमारती शहराबाहेर आहेत, नदीपासून नऊ किलोमीटरवर. केवळाबाईंना तिसऱ्या मजल्यावर घर मिळालं. पहिले काही महिने त्यांच्या दारात सकाळपासून माणसं असायची. पाणी वर चढत नाही, जिन्यात दिवा नाही, बस येत नाही. ऑक्टोबरात पाच वर्षांची मुदत संपली. नव्या निवडणुका झाल्याच नाहीत, प्रशासक आले, आणि शहरात एकही नगरसेवक उरला नाही. केवळाबाईंचा शिक्का कुठं चालेना. हळूहळू माणसं यायची थांबली. मग जिन्यात भेटली तर बोलायचीही थांबली. त्यांनी एकशे बावीस घरं विकली, असं तिथल्या काहींचं म्हणणं होतं. ज्यांना घर मिळालं होतं तीच माणसं हे बोलायची. बहुतेकांचा कुणी ना कुणी त्या एकशे बावीसांत होता. भाऊ, सासू, मेव्हणा.

वसतिगृहातलं काम सुटलं ते सुटलंच. भल्या पहाटे पोचायला बस नव्हती. अमरेश दर रविवारी फोन करायचा, हैदराबादला ये म्हणायचा. त्या एकदा गेल्या, आठ दिवसांत परत आल्या. "तिथं मला कोणी ओळखत न्हाई, अन् इथं कोणी बोलत न्हाई," त्या म्हणाल्या. "पण इथं निदान कामून बोलत न्हाईत ते तरी मला माहीत हाय."

मधल्या काळात मी माझं काम केलं. टालवस्तीची नावं यादीतून कमी केली. प्रत्येक नावापुढं कारण लिहायचं असतं. मी पानोपान लिहीत गेलो, स्थलांतरित, स्थलांतरित. एकशे नव्वद घरांची मतं दुसऱ्या प्रभागात गेली. एकशे बावीस घरांची कुठंच गेली नाहीत. राहिलेल्यांचा विषय अण्णांकडं काढणारं कुणी नव्हतं आणि अण्णांनाही तो काढायचं कारण उरलं नव्हतं. मतदार यादीतून नाव गेलं की माणूस पुढाऱ्याच्या नजरेतूनही जातो. यात कुणाला राग-लोभ असावा लागत नाही. हे मी माझ्या हातानं केलं आणि करताना मला फक्त बोटं दुखल्याचं आठवतं.

तेवीसच्या जूनमध्ये एका शनिवारी केवळाबाई शाळेत आल्या. शाळा सकाळची होती, पोरं घरी गेली होती. त्या बाकावर बसल्या आणि म्हणाल्या, "सर, तुमच्याजवळ जुन्या याद्या असतील. अकराच्या आधीच्या."

होत्या. छापील याद्या मी कधी फेकल्या नव्हत्या. वर्गाच्या लोखंडी कपाटात सुतळीनं बांधून ठेवल्या होत्या. मी गठ्ठे काढले आणि काढता काढताच बोलून टाकलं. चार वर्षं ते माझ्या मनात होतं.

"केवळाबाई, त्या दिवशी मी मागची पानं वाचली नव्हती."

"मला माहीत हाय."

"कधीपासून?"

"तवाच कळलं. तुमी वाचल्यावर बोट ठेवून सांगता. त्या दिवशी बोट ठेवलं न्हाई." त्या गठ्ठ्याची गाठ सोडत होत्या. "तुमी वाचलं न्हाई, अण्णानं सांगितलं न्हाई. पण हात माझाच वर गेला ना सर. सभेत उभं राहून विचारायला मला कोणी अडवलं नव्हतं. मला वाटलं, एवढ्या मोठ्या लोकांत आपण कायला विचारावं."

पुढचे कितीतरी शनिवार आम्ही त्या वर्गात बसलो. मी नावं वाचायचो, त्या सांगायच्या कोण कुणाचा, आता कुठं असेल. एकशे बावीसपैकी एकोणऐंशी घरांतली माणसं जुन्या याद्यांत सापडली. मग त्यांनी ती माणसं शोधायला सुरुवात केली. एकटीनं. कुणी पुलाखाली, कुणी वीटभट्टीवर, कुणी उमरीला मेव्हण्याच्या शेतात खोप करून, एक कुटुंब पार देवणीला. काही ठिकाणी त्यांना दारातूनच परत पाठवलं. एका ठिकाणी एका बाईनं त्यांच्या अंगावर खरकटं पाणी टाकलं. त्या बाजूला सरकल्या, साडी झटकली आणि म्हणाल्या, "सही लागते गं. परवा येते." परवा गेल्या. त्या बाईनं सही दिली.

उमाक्काचा पत्ता त्यांना सगळ्यात आधी माहीत होता. तिथं त्या सगळ्यात शेवटी गेल्या. यादीत नाव सापडलं होतं, पण 'उमाबाई' छापलं होतं. मी नऊ साली भरलेला अर्ज बरोबर होता की माझ्याच हातून चूक झाली होती, आता सांगता येत नाही. नावाच्या फरकासाठी प्रतिज्ञापत्र लागणार होतं. केवळाबाई म्हणाल्या, "सर, तुमी येता का लातूरला? मी एकली गेली तर ती दार लावून घेईल."

आम्ही एसटीनं गेलो. 

लातूरला उमाक्का भाचीकडं, आरतीकडं, एका खोलीत राहत होती आणि दाळ मिलमध्ये निवडायच्या कामाला जात होती. आरतीनं आम्हाला मिलचा पत्ता दिला. आम्ही पोचलो तेव्हा जेवणाची सुट्टी झाली होती. बायका भिंतीच्या सावलीत ओळीनं बसल्या होत्या. सगळ्यांच्या केसांवर डाळीची पिवळी धूळ. उमाक्का कडेला होती. तिनं आम्हाला पाहिलं आणि डबा बाजूला सरकवून जागा केली.

"कूर्चो," ती म्हणाली. मग माझ्याकडं पाहून, "बसा, सर."

आम्ही बसलो. तिनं भाकरीचा तुकडा मोडून केवळाबाईंच्या हातात दिला, मला दिला. कोण कुठं आहे, अमरेशचं लग्न ठरलं का, असं सगळं विचारलं. केवळाबाईंनी सगळ्याची उत्तरं दिली. मग पिशवीतून कागद काढला आणि वाचून दाखवला. शेवटपर्यंत, एकेक ओळ बोट ठेवून. आता त्या बऱ्यापैकी वाचू लागल्या होत्या.

उमाक्कानं ऐकून घेतलं. म्हणाली, "घराचं मला काही नाही केवळा. घर जातं, येतं. तू हात वर केलास, तेही मी समजून घेतलं. तुला काय माहीत."

केवळाबाईंनी कागद तिच्यापुढं सरकवला.

"पण त्या दिवशी तू आली नाहीस. सकाळी सातपासून दुपारी दोनपर्यंत मी सामान रस्त्यावर ठेवून बसले होते. मला वाटलं, केवळा येईल. यंत्र थांबवणार नाही, ते मला कळत होतं. माझ्याशेजारी येऊन बसेल, एवढंच वाटलं."

"अण्णानं बोलावलं होतं," केवळाबाई म्हणाल्या. मग लगेच म्हणाल्या, "न्हाई. मी भ्याले. तुमच्या सगळ्यायसमोर उभं राहायला भ्याले. गाडी आली तर मला बरं वाटलं, उमाक्का."

मिलचा भोंगा वाजला. बायका उठू लागल्या. उमाक्कानं कागद मांडीवर घेतला आणि तेलुगूत सही केली, सावकाश, गोल गोल अक्षरं. साक्षीदार म्हणून केवळाबाईंनी केली, दुसरी मी.

"मी येईन की नाही, सांगत नाही," उमाक्का म्हणाली. "पण तुझं काम माझ्यामुळं अडायला नको." आणि डबा घेऊन आत गेली.

परतीच्या गाडीत केवळाबाईंनी खिडकीला डोकं टेकलं होतं. मला वाटलं झोपल्या. नंतर पाहिलं तर डोळे उघडे होते.

एकोणऐंशी अर्ज त्यांनी दिले. महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात लोकशाही दिन असतो, तिथं आपली तक्रार घेऊन जाता येतं. दोन वर्षं त्या दर पहिल्या सोमवारी गेल्या. दोन बस बदलून, पिशवीत फायली घेऊन. दर वेळी काहीतरी राहायचं, कधी झेरॉक्स, कधी फोटो, कधी कुणाची तारीख. त्या ते पुरं करून पुढच्या सोमवारी हजर. पंचवीसच्या ऑगस्टपर्यंत त्रेचाळीस घरं मंजूर झाली. छत्तीस राहिली. आणि ज्यांचं नाव कुठल्याच जुन्या यादीत सापडलं नव्हतं ती उरलेली त्रेचाळीस घरं तर मोजदादीतच नव्हती.

मंजूर झालेल्यांत उमादेवी होती. ती आली. आरती आणि तिचा नवराही कामाच्या शोधात बरोबर आले. तळमजल्यावर घर मिळालं, केवळाबाईंच्या इमारतीपासून दोन इमारती सोडून. सामान उतरवायच्या दिवशी केवळाबाई सकाळपासून तिथं जाऊन बसल्या होत्या. रिकाम्या खोल्या झाडून, पाणी भरून ठेवलं होतं. उमाक्का आली, तिनं घर पाहिलं, चहा केला, एक कप केवळाबाईंना दिला. त्या दोन तास बसल्या आणि निघाल्या. उमाक्का दारापर्यंत आली.

मला वाटलं होतं, आता पुन्हा जुळेल. तसं झालं नाही. भांडण नाही, अबोला नाही. रस्त्यात भेटल्या तर उमाक्का विचारते, पाणी आलं का वर, गुडघा कसा आहे. केवळाबाई उत्तर देतात. मग उमाक्का पुढं जाते. तिच्या घरात आता भाची आहे, भाचीची पोरगी आहे, तिला बोलायला माणसं आहेत. "ती लातूरला असताना मला वाटायचं, आली की बोलू," केवळाबाई एकदा म्हणाल्या. "आता आली. आता काय वाटून घ्यावं, ते कळत न्हाई."

डिसेंबरात निवडणुका जाहीर झाल्या. ज्योत्स्नाला तिकीट मिळालं. नव्या रचनेत त्या इमारती अण्णांच्या प्रभागात आल्या होत्या. एका दुपारी अण्णा स्वतः तीन जिने चढून केवळाबाईंच्या घरी आले. या वेळी त्या इमारती माझ्या वाट्याला होत्या, मी मतदारांच्या चिठ्ठ्या वाटत तिथं पोचलो होतो, म्हणून मला हे माहीत आहे. अण्णा दमले होते. केवळाबाईंनी पाणी दिलं, खुर्ची दिली.

"सुनेसाठी दोन शब्द बोला इथं. तुमचं नाव हाय लोकांत."

"माझ्याशी इथं कोणी बोलत न्हाई, अण्णा."

"मी सोबत असलो की बोलतील."

केवळाबाईंनी कोनाड्यातून फायलींचा गठ्ठा आणला आणि त्यांच्यापुढं ठेवला. "छत्तीस राहिलेत. तुमी त्यांच्याबद्दल एक पत्र द्या. आज. मी उद्या बोलते."

अण्णांनी वरची फाईल उघडली, मिटली. "आचारसंहिता हाय बाई. निवडणूक होऊ द्या. मग बसून करू."

"मग मीबी निवडणुकीनंतर बोलन."

त्या हे अगदी साध्या आवाजात म्हणाल्या. अण्णांना राग आला नाही. ते घोट घोट पाणी प्यायले आणि म्हणाले, "तुमाला मी उभं केलं होतं, केवळाबाई."

"हाव," त्या म्हणाल्या. "मला त्याची जाण हाय."

अण्णा भिंतीचा आधार घेत जिने उतरून गेले. त्यांचा कार्यकर्ता, धम्मदीप नावाचा तरुण, मागं रेंगाळला आणि म्हणाला, मावशी, माझी आत्या त्या छत्तीसांत आहे. केवळाबाईंनी गठ्ठ्यातून ती फाईल काढली. फोटो राहिलाय, एवढा आणून दे म्हणाल्या.

जानेवारीत मतदान झालं. ज्योत्स्ना चांगल्या मतांनी निवडून आली. केवळाबाईंवाचून काही अडलं नाही. इमारतींत पाणी अजून तिसऱ्या मजल्यापर्यंत चढत नाही.

निवडणुकीमुळे लोकशाही दिन बंद होता. तो पुन्हा सुरू झाला त्या सोमवारी मी रजा टाकली आणि त्यांच्याबरोबर गेलो. त्यांना ते फारसं आवडलं नाही. "पोरायला कोण शिकवून राहिलं मग?" असं त्यांनी बसमध्ये दोनदा विचारलं. कार्यालयात गर्दी होती. आमचा नंबर एकसष्ट. दुपारी पुकारा झाला. केवळाबाई उठल्या, फायली छातीशी धरल्या आणि मला म्हणाल्या, "तुमी बसा, मी जाते." आत त्या वीस मिनिटं होत्या. बाहेर आल्या तेव्हा सांगितलं, सात फायली घेतल्या, एकोणतीस पुढच्या महिन्यात.

आम्ही फाटकाजवळ चहा घेतला. त्यांची बस आली. आत सगळ्या जागा भरलेल्या होत्या. त्या दांडीला धरून उभ्या राहिल्या, पिशवी पायांत घेतली. बस वळेपर्यंत मी थांबलो. त्यांनी मागं पाहिलं नाही. कंडक्टरशी काहीतरी बोलत होत्या.